शिकवल्याची नोंद आहे, शिकल्याची कुठे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यात बी.एस्सी. करणाऱ्या मुलीच्या हाती सत्राअखेर एक कागद पडतो. प्राणिशास्त्र, ५२ गुण, उत्तीर्ण. या आकड्यावरून ती पास झाली एवढं कळतं. कोणता घटक तिला खरोखर उमगला, कोणता तिनं पाठ करून उतरवला, कुठे गोंधळली, सुरुवातीला चुकत होती ते नंतर सुधारलं का, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. ज्या प्राध्यापकानं तिला शिकवलं त्याच्याही हाती याहून अधिक काही लागत नाही. उत्तरपत्रिका तपासायला दुसरीकडे जाते. ती परत येत नाही, फक्त आकडा परत येतो. पुढच्या जूनमध्ये तोच प्राध्यापक तोच घटक नव्या वर्गाला शिकवायला उभा राहतो, तेव्हा मागच्या वर्गाकडून त्याच्यापर्यंत काहीही आलेलं नसतं.

हे जे मध्येच गळून जातं ते टिपून ठेवायचं, त्यावर विचार करायचा आणि दुसऱ्या प्राध्यापकाला वाचायला द्यायचं, यासाठी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक पद्धत तयार झाली आहे. तिला ‘कोर्स पोर्टफोलिओ’ म्हणतात. एका पेपरची, एका सत्राची ही फाईल असते. तिच्यात तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात: काय शिकवायचं ठरवलं होतं, त्यासाठी वर्गात काय केलं आणि मुलं प्रत्यक्षात काय शिकली. यातल्या तिसऱ्या गोष्टीला पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे मुलांनी स्वतः लिहिलेला कागद.

परीक्षा घेणारी विद्यापीठं

आपल्याकडे ही तिसरी गोष्ट का हरवली, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या तेव्हाच्या नमुन्यावर. शिकवायचं महाविद्यालयांनी; परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठानं. विद्यापीठ शिकवतच नव्हतं, तेव्हा शिकवण्याची नोंद ठेवण्याचा प्रश्न त्याच्यापुढे आला नाही. त्याच्या दप्तरात राहिले ते नावनोंदणीचे अर्ज, प्रश्नपत्रिका आणि निकाल.

पुढे १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ आलं. १ मे १९८३ रोजी त्यातून अमरावती विद्यापीठ वेगळं झालं आणि यवतमाळ जिल्ह्यातली महाविद्यालयं अमरावती, अकोला, बुलडाण्यासह त्याच्याकडे गेली. पत्ता बदलला, संलग्नतेची चौकट तीच राहिली. केळापूर तालुक्यातल्या मुलांना शिकवणारा माणूस पांढरकवड्यात असतो, अभ्यासक्रम ठरवणारं मंडळ दीडशे किलोमीटरहून लांब अमरावतीला असतं आणि पेपर तपासणारा कोण, हे दोघांनाही ठाऊक नसतं. निःपक्षपातीपणासाठी ही व्यवस्था चांगली आहे. पण शिकवणारा आणि शिकणारा यांच्यामध्ये जो मजकूर फिरायला हवा, तो तिच्यात अडकून पडतो.

हे दुखणं कुणाला दिसलं नाही असंही नाही. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षेची सुचवू, असं १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं स्वच्छ म्हटलं होतं. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. वर्षभर शिकवणाऱ्यानंच मूल्यमापनात भाग घ्यावा, असा त्या आयोगाचा आग्रह होता. त्यातूनच अंतर्गत गुणांची पद्धत रुजली. पण अंतर्गत मूल्यमापनाचाही शेवट आकड्यातच होतो, आणि तो आकडा अनेक ठिकाणी इतक्या सढळ हातानं दिला जातो की त्यावरून वर्गातल्या दोन मुलांतला फरकही कळू नये.

गंमत अशी की अमरावतीच्या विद्यापीठाला नाव आहे संत गाडगेबाबांचं. बाबांचं कीर्तन प्रश्नांवर चालायचं. समोरच्या माणसांना ते विचारायचे, उत्तर आल्याशिवाय पुढे जायचे नाहीत आणि आलेल्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढायचे. श्रोत्यांना काय कळलं, हे त्यांना कीर्तन संपायच्या आत ठाऊक झालेलं असायचं.

फाईल जाड, मजकूर पातळ

आज कुठल्याही महाविद्यालयात जा, फायलींचा तुटवडा नाही. १९९४ मध्ये महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक स्थापन झाली आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘नॅकची टीम येणार’ हे वाक्य प्राध्यापकांच्या कॉमन रूमचं कॅलेंडरच बनलं. संलग्न महाविद्यालयांसाठी २०१७ च्या आराखड्यात एकूण १००० गुणांपैकी ३५० गुण ‘अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन’ या एका निकषाला दिले गेले. इतकं वजन दुसऱ्या कुठल्याच निकषाला नव्हतं. विद्यार्थी नेमकं काय शिकले याची निष्पत्ती दाखवा, असं त्यात स्पष्ट मागितलं होतं. अभियांत्रिकी महाविद्यालयांना एन.बी.ए.च्या मानांकनासाठी हेच करावं लागतं. भारत २०१४ मध्ये अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाल्यापासून तर फारच काटेकोरपणे.

मागणी योग्यच आहे. तिची उत्तरं कशी तयार होतात ते पाहू. कोर्स फाईलमध्ये वेळापत्रक, अभ्यासक्रमाची प्रत, टीचिंग प्लॅन, हजेरी, चाचणीचे पेपर आणि गुणांची यादी असते. सोबत ‘सी.ओ.-पी.ओ. अटेनमेंट’चा, म्हणजे पेपरच्या आणि पदवीच्या निष्पत्ती कितपत साधल्या याचा, तक्ता लागतो. त्याचा हिशेब साधारण असा: चाचणीत ठरावीक गुणांच्या वर किती टक्के मुलं गेली ते मोजायचं आणि त्यावरून १, २ किंवा ३ अशी पातळी लिहायची. एक्सेलमध्ये सूत्र एकदा बसवलं की दर वर्षी गुण भरायचे आणि पातळी आपोआप येते. सातबाऱ्यावर पीकपेरा लिहिलेला असतो, पीक कसं आलं ते नसतं. तशी ही फाईल. तिच्यात मुलाच्या हातचं एक वाक्यही सापडत नाही.

याचा दोष प्राध्यापकांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ही फाईल कोणासाठी लिहिली जाते ते पाहा. ती तपासणाऱ्यासाठी आहे, आणि तपासणाऱ्याला दाखवायच्या कागदात कुणी आपली अडचण लिहीत नाही. यू.जी.सी.च्या २०१० च्या नियमांनी पदोन्नतीसाठी ए.पी.आय.चे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण आणले, तेव्हा हे आणखी पक्कं झालं. कागदाचा उपयोग गुण मिळवण्यासाठी होऊ लागला की त्यात गुण कमी करणारं काही येत नाही. ‘चौथा घटक मुलांना अजिबात कळला नाही’ हे वाक्य कोणत्याही कोर्स फाईलमध्ये नसतं, आणि पुढच्या वर्षी तो पेपर शिकवणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती नेमकी याच वाक्याची.

वर्गाबद्दल लिहिणं आपल्याला नवं आहे असंही नाही. शाळेत टाचण असतं, बी.एड.ला पाठांचं निरीक्षण असतं. बालशिक्षणात तर आपली परंपरा मोठी आहे. गिजुभाई बधेकांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘दिवास्वप्न’ लिहून एका शिक्षकाच्या वर्षभराच्या प्रयोगाची कहाणी सांगितली. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक आणि पुढे अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसोबत केलेलं काम लिहून ठेवलं, म्हणून ते इतरांना उचलता आलं. तीन वर्षांच्या मुलाला शिकवणारी बाई आपल्या वर्गाबद्दल लिहिते आणि वीस वर्षांच्या मुलाला शिकवणारा प्राध्यापक लिहीत नाही, हे आपल्या उच्च शिक्षणाचं वास्तव आहे.

बंद दारामागचं काम

बाहेरच्या जगातही चित्र फार वेगळं नव्हतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. विद्यार्थी खूश होते, अवघड गणितं सोडवत होते. साधारण १९९० च्या सुमारास त्यांनी वर्गाला बल आणि गती यांवरचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी द्यायची, की मी एरवी विचार करते तशी? निकाल पाहून मझूर हादरले. सूत्र वापरून गणित सोडवणाऱ्या अनेकांना त्यामागची कल्पनाच कळलेली नव्हती. परीक्षेतल्या गुणांवरून हे कधीच दिसलं नसतं. त्यानंतर त्यांनी शिकवण्याची रीतच बदलली.

त्याच काळात अमेरिकेत अध्यापनाच्या मोलाबद्दल वाद पेटला होता. १९९० मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानचे अर्नेस्ट बॉयर यांनी मांडलं की संशोधनाला जसा मान आहे तसा शिकवण्यालाही विद्वत्तेचा मान मिळायला हवा. १९९३ मध्ये ली शुलमन यांनी त्यातली खरी अडचण दाखवली. संशोधक आपलं काम छापतो, इतर ते वाचतात, तपासतात आणि त्यावर पुढचं बांधतात. शिकवणारा मात्र दार लावून एकटाच काम करतो आणि सत्र संपलं की ते काम मागमूस न ठेवता नाहीसं होतं. शिकवणं ही सगळ्यांच्या मालकीची गोष्ट व्हायची असेल तर तिचा असा काही दस्तऐवज हवा, जो दुसऱ्याच्या हाती देता येईल.

प्राध्यापकाच्या एकूण अध्यापनाची ओळख करून देणारे ‘टीचिंग पोर्टफोलिओ’ तेव्हा होतेच. पीटर सेल्डिन यांचं त्यावरचं पुस्तक १९९१ चं. पण त्यात सगळ्या कारकिर्दीतलं निवडक, चांगलं तेवढं यायचं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथले मानसशास्त्राचे प्राध्यापक विल्यम सर्बिन यांनी कारकीर्द बाजूला ठेवून एकच पेपर घ्यायचं सुचवलं. एक पेपर हा एक प्रयोग समजायचा. त्याचा हेतू लिहायचा, कृती लिहायची आणि निरीक्षणं व निष्कर्षही लिहायचे. १९९८ मध्ये पॅट हचिंग्ज यांनी संपादित केलेलं ‘द कोर्स पोर्टफोलिओ’ हे पुस्तक आलं. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन इथल्या शाखेत १९९४ पासून सहकाऱ्यांनी एकमेकांचे पोर्टफोलिओ वाचण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक जण तीन टिपणं लिहितो: पहिलं उद्दिष्टांचं, दुसरं शिकवण्याच्या रीतीचं, तिसरं मुलांच्या शिकण्याचं. या तिसऱ्या टिपणात कच्च्या, मध्यम आणि चांगल्या विद्यार्थ्यांच्या कामाचे खरे नमुने लावायचे असतात.

पऱ्हाटी आणि नैसर्गिक निवड

हे सगळं पांढरकवड्यात कसं दिसेल? एक नमुना रचून पाहू. त्यातला वर्ग कल्पित आहे. पीक, कीड आणि अडचण खरी आहे.

समजा, बी.एस्सी. प्राणिशास्त्राचा उत्क्रांतीवरचा दोन क्रेडिटचा पेपर आहे. म्हणजे ३० तास. वर्गात चाळीस मुलं, बहुतेकांच्या घरी कापूस. उद्दिष्ट लिहिताना प्राध्यापिका ‘विद्यार्थी नैसर्गिक निवड स्पष्ट करू शकेल’ हे छापील वाक्य टाळते. ती लिहिते: ‘आधी न पाहिलेल्या प्रसंगाला मुलांना निवडीचं तत्त्व लावता यावं. बीटी कपाशीवर शेंदरी बोंडअळी परत का आली, हे त्यांना आपल्या घरी समजावून सांगता यावं.’ पोर्टफोलिओचं पहिलं पान एवढंच.

हा प्रश्न इथल्या मुलांसाठी पुस्तकी नाही. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन प्रथिनं असलेली बोलगार्ड-२ आली. काही वर्षं बोंडअळी आटोक्यात राहिली आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळसह विदर्भात तिनं पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीची, बोंडं पोखरली. डोमकळी (अळीमुळे न उमलणारं फूल) म्हणजे काय, फरदड (हंगामानंतरही राखलेली कपाशी) घेऊ नका असं कृषी विभाग का सांगतो, हे या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही.

शिकवायला सुरुवात करायच्या आधीच प्राध्यापिका एक प्रश्न देते: ‘बीटीनं मरणारी अळी आता का मरत नाही? पाच-सहा ओळींत लिहा. गुण नाहीत.’ आलेल्या उत्तरांचे तीन गट पडतात. त्यातलं एकेक उत्तर ती मोबाइलवर फोटो काढून फाईलला लावते. पहिलं: ‘अळीला बीटीची सवय झाली. माणसाला रोज दवा घेऊन काही वाटत नाही तसं.’ दुसरं: ‘अळीला जगायचं होतं म्हणून तिनं स्वतःत बदल केला, मग तिची पिल्लंही तशीच निघाली.’ तिसरं: ‘काही अळ्या पहिल्यापासूनच वेगळ्या असतील. बाकीच्या मेल्या, त्या राहिल्या, त्यांचीच पैदास झाली.’ चाळीसपैकी तिसऱ्या प्रकारचं उत्तर पाच जणांचं.

पहिली दोन उत्तरं निष्काळजीपणाची नाहीत. एकेक प्राणी गरजेनुसार बदलतो अशी समजूत जगभरच्या विद्यार्थ्यांमध्ये आढळते, आणि ती व्याख्या पाठ करून जात नाही. ‘नैसर्गिक निवड म्हणजे काय’ असा प्रश्न परीक्षेत आला असता तर या चाळिसातल्या बहुतेकांनी व्याख्या लिहून गुण घेतले असते आणि समजूत जिथल्या तिथे राहिली असती.

दुसऱ्या टिपणात वर्गात काय केलं ते येतं. ज्वारीचे ९६ दाणे आणि उडदाचे ४. ज्वारी म्हणजे बीटीनं मरणारी अळी, उडीद म्हणजे न मरणारी. प्रत्येक पिढीत ज्वारीचे दहातले नऊ दाणे काढून टाकायचे. उरलेल्या प्रत्येक दाण्याचे, मग तो कोणताही असो, पाच करायचे. पहिल्या पिढीत शंभरात चार असलेला उडीद दाणे काढताच चौदात चार होतो. पुढच्या फेरीला उरलेल्यांत पाचात चार, आणि तिसऱ्या फेरीनंतर भांड्यात जवळजवळ सगळा उडीदच उरतो. यात नर-मादी, जनुकं वगैरे काही नाही, खेळ मुद्दाम सोपा ठेवलेला आहे. पण एकही दाणा बदलला नाही आणि तरी भांडं बदललं, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

मग बियाण्याच्या पाकिटाची गोष्ट निघते. बीटीच्या ४५० ग्रॅम पाकिटासोबत साध्या कपाशीचं १२० ग्रॅम बियाणं यायचं, ते बांधाच्या कडेनं लावायचं असायचं. घरी ते लावलं होतं का, असं विचारल्यावर बरेच हात खालीच राहतात. त्या साध्या कपाशीवर मरणाऱ्या जातीच्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा संकर टिकून राहिलेल्यांशी व्हावा आणि त्यातून आलेली पिल्लं बीटीला बळी पडावीत, असा त्यामागचा हिशेब. अळीला ‘सवय’ होते असं मानलं तर या १२० ग्रॅमला काही अर्थच राहत नाही. हा मुद्दा वर्गातली मुलंच काढतात, तेव्हा प्राध्यापिका ते वाक्य तारीख घालून टिपून ठेवते.

तिसरं टिपण सत्राच्या शेवटचं. आता प्रश्न बोंडअळीचा नाही: ‘क्षयरोगाची औषधं मध्येच सोडली तर जंतू औषधाला का जुमानत नाहीत?’ तत्त्व नव्या ठिकाणी लावता येतं का, ते इथे कळतं. योग्य रीतीनं विचार करणारे पाचावरून एकवीस झाले. पहिल्या दिवशी सवयीची गोष्ट लिहिणाऱ्या मुलानं मात्र दाण्यांची आकृती अचूक काढली आणि तिच्याखाली पुन्हा लिहिलं, ‘म्हणून जंतूंना सवय होते.’ प्राध्यापिका त्याच्या दोन्ही कागदांचे फोटो शेजारी शेजारी लावते आणि खाली नोंद करते: ‘बोंडअळीत कळलेलं क्षयरोगात नेता येत नाही. पुढच्या वर्षी दुसरं उदाहरण शेवटी ठेवायचं नाही, तिसऱ्या आठवड्यातच आणायचं. तोंडी बरोबर सांगणाऱ्या दोघांनी लेखी काहीच लिहिलं नाही. त्यांचं उत्तर ऐकून लिहून घ्यायचं.’

ही शेवटची ओळ या भागात फार महत्त्वाची आहे. पांढरकवड्याला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आजूबाजूला गोंड आणि कोलाम वस्ती आहे आणि तेलंगणाची सीमा जवळ आहे. एखाद्या मुलाच्या घरी कोलामी, गावात वऱ्हाडी, वर्गात प्रमाण मराठी आणि पुस्तकात इंग्रजी असते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं शाळांमध्ये केलेल्या कामात फार पूर्वीच दाखवून दिलं होतं की पुस्तकाची भाषा हीच विज्ञान कळण्यातली मोठी आडकाठी असते. कोणत्या मुलाचं अडलं ते विषयात की भाषेत, हे ५२ गुणांवरून कधीच कळणार नाही. दोन कागद शेजारी ठेवले तर कळतं.

हाच वर्ग अटेनमेंटच्या तक्त्यात ‘पातळी २’ म्हणून दिसला असता. तक्ता खोटा नाही. पुढच्या जूनमध्ये काय बदलायचं ते मात्र तो सांगत नाही.

वाचणारा कोण?

कोर्स पोर्टफोलिओ लिहून कपाटात ठेवला तर त्याचीही एक फाईलच होते. तो वाचला जायला हवा, आणि वाचणारा वरचा साहेब नसावा. त्याच विषयाचा वणी, घाटंजी किंवा यवतमाळच्या महाविद्यालयातला प्राध्यापक हा सगळ्यात चांगला वाचक. त्यानं तीन प्रश्न विचारायचे: उद्दिष्ट या मुलांसाठी योग्य होतं का? वर्गात जे केलं ते उद्दिष्टाशी जुळत होतं का? आणि जोडलेल्या कागदांवरून मुलं शिकली असं म्हणता येतं का? तासाला मागच्या बाकावर बसून शेरा लिहिण्यापेक्षा ही रीत अवघडलेपण कमी करते. शिवाय मागच्या बाकावरून शिकवणारा दिसतो, मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक निकडीचं कारण आहे: तासिका तत्त्वावरचे (सी.एच.बी.) प्राध्यापक. मंजूर जागा रिकाम्या राहतात आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत विषयच्या विषय सी.एच.बी.वर चालतात. सत्राला आलेला माणूस सत्रानं जातो. त्याला वर्गाबद्दल जे कळलं ते त्याच्याबरोबर एस.टी.त बसून निघून जातं. पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, त्याच चुका पुन्हा शोधतो. कायम भरती हेच यावरचं खरं उत्तर आहे आणि ते शासनानंच द्यायचं आहे. तोवर मागच्यानं ठेवलेली आठ-दहा पानं पुढच्याचे निदान दोन महिने वाचवतील.

अडचणी खऱ्या आहेत

पहिली अडचण वेळेची. नियमानुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. त्यावर परीक्षा, प्रवेश, एन.एस.एस., निवडणुकीची कामं आणि पुन्हा नॅक. म्हणून सगळ्या पेपरांचा पोर्टफोलिओ करायला निघू नये. वर्षाला एक पेपर, त्यातही एक घटक पुरे. चाळीस मुलांचे कागद ठेवायचे नसतात. प्रत्येक गटातला एक असे तीन ठेवायचे.

दुसरी अडचण भीतीची. मुलं शिकली नाहीत असं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं आणि ते पदोन्नतीच्या वेळी कुणी बाहेर काढलं तर? ही भीती रास्त आहे. म्हणून हा दस्तऐवज पदोन्नतीच्या गुणांपासून लांब राहिला पाहिजे. त्यातलं काय दाखवायचं ते लिहिणाऱ्यानं ठरवावं. महाविद्यालयानं तो सक्तीचा केला तर पहिल्याच वर्षी सगळे पोर्टफोलिओ एकसारखे दिसू लागतील आणि झेरॉक्सवाल्याचा धंदा तेवढा वाढेल.

तिसरी गोष्ट मुलांच्या हक्काची. कागदावरचं नाव आणि आसन क्रमांक झाकायचा. मुलाला विचारायचं आणि तो नको म्हणाला तर तो कागद लावायचा नाही. गुणांशी याचा संबंध नाही, हे आधीच सांगायचं. चुकीचं उत्तर हे मुलाचं हसं करायचं साधन नाही, ही शिस्त वाचणाऱ्यानंही पाळायची.

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर पेपर छोटे झाले, क्रेडिट आले आणि प्रत्येक पेपरच्या माथ्यावर निष्पत्तीची यादी छापली जाऊ लागली. या यादीचा आणि वर्गातल्या मुलाचा संबंध जोडणारा कागद अजूनही प्राध्यापकालाच तयार करायचा आहे. त्याला ना अनुदान लागतं, ना सॉफ्टवेअर, ना अमरावतीहून परिपत्रक. तुम्ही शिकवत असाल तर येत्या सत्रात एक घटक निवडा. शिकवायच्या आधी एक प्रश्न विचारा, शिकवून झाल्यावर दुसरा विचारा आणि तीन मुलांचे सहा कागद जपून ठेवा. त्यांच्याखाली तुम्हाला काय कळलं ते दोन पानांत लिहा आणि शेजारच्या गावातल्या एका सहकाऱ्याला वाचायला द्या.